पाठमोरे आसन (लहान विमानातील)

विमानाच्या नाकाकडे पाठ आणि शेपटीकडे तोंड करून बसण्याची प्रवाशाची जागा. लहान खासगी विमानांत ती बहुधा वैमानिकाच्या लगेच मागे असते. तिच्यासमोर, शेवटच्या रांगेत, पुढे तोंड असलेली दोन आसने असतात आणि चार प्रवासी दिवाणखान्यात बसावेत तसे समोरासमोर बसतात. या मांडणीला विमानव्यवसायात ‘क्लब सीटिंग’ म्हणतात. चार आसनी विमानात ती सहसा दिसत नाही; सहा आसनांपासून पुढे तिचा विचार सुरू होतो.

विदर्भातल्या खेड्यात वाढलेल्या माणसाला उलटे बसून प्रवास करणे अजिबात नवे नाही. टांग्यात मागे बसलेल्यांची पाठ घोड्याकडे असे. बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, मागच्या टोकाला पाय सोडून बसलेली पोरे धुरकऱ्याकडे (गाडी हाकणाऱ्याकडे) पाठ करूनच बाजाराला जात. भरलेल्या ऑटोच्या मागच्या फळीवर बसणारा आजही सुटत जाणाऱ्या डांबरी रस्त्याकडे पाहत गावी पोचतो. या सगळ्या वाहनांत उलटी बाजू म्हणजे उरलेली जागा, उशिरा आलेल्याची. विमानात मात्र तिची गणना वेगळी आहे आणि तिच्याविषयीच्या तक्रारी बहुतेक चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतात.

आढळ

एका इंजिनाच्या विमानांत या मांडणीचे ठळक उदाहरण म्हणजे बीचक्राफ्ट बोनान्झाच्या लांबवलेल्या ३६ या नमुन्यानंतर (१९६८) आलेला ए-३६. त्याच्या मागच्या अंगाला उजवीकडे दोन झडपांचे मोठे दार आहे, त्यामुळे प्रवासी पंखावरून न चढता थेट समोरासमोरच्या आसनांमध्ये शिरतो. पायपरची सेनेका (दोन इंजिने) आणि साराटोगा (एक इंजिन) यांतही ही सोय मिळते. १९८३ मध्ये आलेल्या पायपर मालिबूत हवेचा दाब राखलेल्या कक्षात अशीच चार आसने बसवली आहेत. त्याहून मोठ्या वर्गात बीचक्राफ्ट किंग एअर आणि स्विस बनावटीचे पिलाटस पीसी-१२ येतात. किंग एअर भारतातल्या अनेक राज्य सरकारांनी वापरले आहे, त्यामुळे मंत्र्यांच्या दौऱ्यांच्या छायाचित्रांत ही समोरासमोरची बैठक पुष्कळांनी नकळत पाहिलेली असते.

विदर्भातली प्रशिक्षणाची विमाने या यादीत येत नाहीत. नागपूर फ्लाइंग क्लबचे सेसना १५२ दोनच आसनांचे आहे. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरील प्रशिक्षण संस्थेची डायमंड विमाने चार आसनांची, पण सगळी तोंडे पुढेच. पाठमोरे आसन इथे उतरते ते बाहेरून आलेल्या खासगी आणि भाड्याच्या विमानांतून: नागपूरला सोनेगावला, अमरावतीजवळ बेलोऱ्याला, अकोल्याजवळ शिवणीला, चंद्रपूरजवळ मोरव्याला, यवतमाळच्या धावपट्टीवर.

सुरक्षितता

विमान अचानक थांबते तेव्हा प्रवाशाचे शरीर आधीच्या वेगाने पुढे जाऊ पाहते. पुढे तोंड असलेल्याला फक्त पट्टा अडवतो. सगळा भार कमरेवरच्या आणि खांद्यावरच्या काही बोटे रुंदीच्या पट्टीवर येतो, मान आणि हातपाय मोकळे फेकले जातात. पाठमोऱ्याच्या बाबतीत तोच भार पाठ, कंबर आणि डोके यांच्या संपूर्ण पृष्ठभागावर पसरतो. तान्ह्या मुलाचे मोटारीतले आसन मागे तोंड करून लावतात त्यामागे हेच कारण आहे. मुलाची मान अशक्त असते म्हणून तिथे सक्ती, मोठ्यांच्या बाबतीत मात्र सवयीला झुकते माप मिळाले आहे.

हा विषय प्रयोगाने पुढे नेणाऱ्यांत अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप (१९१०–१९९९) यांचे नाव प्रथम येते. १९४७ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातील म्युरॉक येथे रॉकेटने ढकललेल्या रुळांवरच्या गाडीत ते स्वतः बसले, ते मागे तोंड करून. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील होलोमन तळावर त्यांनी ताशी सुमारे १,०१७ किमी वेग गाठला आणि थांबताना गुरुत्वाच्या ४६.२ पट धक्का सोसला. त्या वेळी त्यांचे तोंड पुढे होते. डोळ्यांत रक्त उतरले, पण ते वाचले. प्रवासी विमानांतली आसने मागे वळवावीत असा आग्रह त्यांनी पुढे धरला. ब्रिटिश हवाई दलाने आपल्या व्हीसी-१० वाहतूक विमानांत तसे केलेही. प्रवासी कंपन्यांनी केले नाही. ग्राहकांना ते आवडणार नाही ही भीती तर होतीच, पण एक खरी अडचणही होती. पाठमोऱ्या आसनात भार पाठीच्या उंच भागावर येतो, त्यामुळे आसनाची चौकट आणि ती पकडणारी जमीन दोन्ही जास्त मजबूत, म्हणजे जास्त वजनदार, कराव्या लागतात.

लहान विमानाला हा मुद्दा अधिक लागू पडतो. इंजिन बंद पडले तर ते शेतात उतरू शकते आणि शेत म्हणजे धावपट्टी नव्हे: काळ्या मातीत चाक रुतते किंवा धुऱ्यावर (बांधावर) अडकते, आणि सगळा वेग काही मीटरांत संपतो. जुन्या नियमांनुसार लहान विमानातील आसन पुढच्या दिशेने गुरुत्वाच्या ९ पट स्थिर भार सोसेल एवढेच पाहिले जाई. १९८८ मध्ये अमेरिकी नियमांत प्रत्यक्ष धक्क्याची चाचणी आली. तीत पहिल्या रांगेसाठी २६ पट आणि बाकीच्यांसाठी २१ पट असे आकडे ठरले. आधी मान्यता मिळालेल्या नमुन्यांना मात्र हा नियम मागे जाऊन लागला नाही. म्हणून विमान कोणत्या साली बनले एवढे पाहून भागत नाही, त्याच्या नमुन्याला मान्यता कधीची आहे ते पाहावे लागते.

पाठमोऱ्या जागेचा फायदा दोन गोष्टींनी वाया जातो. पहिली आसनाची: त्याची पाठ बुटकी असेल आणि डोक्याला आधार नसेल, तर मान मागे मोडते. आसन मागे रेलून ठेवले असेल तर शरीर पाठीवरून वर सरकते. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी पाठ सरळ आणि डोके टेकलेले हवे. दुसरी गोष्ट सामानाची. शेवटच्या आसनांमागे न बांधता ठेवलेली पेटी किंवा संत्र्यांची टोपली धडकेच्या क्षणी पुढे उडते, आणि तिच्या वाटेत पाठमोऱ्याचा चेहरा असतो. जाळी आणि पट्टे त्यासाठीच असतात, तरी ‘दोन मिनिटांची तर गोष्ट’ म्हणून ते लावणे टाळले जाते.

आराम

पाठमोऱ्या जागेबद्दल पहिली भीती सांगितली जाते ती उड्डाणाच्या वेळी पुढे लोटले जाण्याची. हिशेब केला तर ती फारशी टिकत नाही. पिस्टन इंजिनाच्या विमानाला ताशी १३० किमी वेग गाठायला वीसेक सेकंद लागले, तर अंगावर येणारा जोर गुरुत्वाच्या पाचव्या हिश्शाहून कमी भरतो. एसटीच्या ड्रायव्हरने ढोर आडवे आल्यावर ब्रेक दाबला की यापेक्षा जास्त हिसका बसतो. चढताना नाक सात-आठ अंश वर असते तेव्हा पाठमोरा प्रवासी पट्ट्यावर किंचित झुकलेला राहतो. पाच-दहा मिनिटे हे जाणवते, मग विमान सपाट झाले की विसरायला होते. उतरल्यावर ब्रेक लागतात तेव्हा उलट त्याचीच चैन असते: समोरचे दोघे पट्ट्याला लटकतात, हा आरामात टेकलेला.

खरा त्रास पायांचा आहे. ए-३६ किंवा सेनेकासारख्या विमानात समोरासमोरच्या आसनांमधली जागा चार उंच माणसांचे गुडघे मावतील अशी नसते. एकाने पाय मधे घ्यायचे, दुसऱ्याने बाहेर, आणि दोन तास ते तसेच ठेवायचे. समोर आपले माणूस असेल तर हसण्यावारी जाते. पाहुणा किंवा साहेब असेल तर अवघडून जायला होते. तेथे मुले बसली, किंवा चारऐवजी दोघेच तिरपे बसले, तर हीच बैठक साऱ्या विमानातली सर्वांत ऐसपैस ठरते. ‘उलटे बसवत नाही’ अशी तक्रार करणाऱ्याला एकदा समोरची जागा रिकामी ठेवून बसवून पाहावे. मालिबू, पीसी-१२ आणि किंग एअरमध्ये मोकळी जागा वाढत जाते आणि तक्रार त्या प्रमाणात विरत जाते.

मळमळीचे उत्तर इतके सरळ नाही. डोळे आणि कानातला तोल यांचा मेळ बसला नाही की जीव कासावीस होतो. क्षितिज दिसत राहिले तर मेळ राहतो, मग तोंड कुठेही असो. पाठमोऱ्याला येणारे वळण आधी दिसत नाही, ही त्याची उणी बाजू. तो मोबाइलमध्ये डोके घालून बसला तर वकाऱ्या ठरलेल्याच. ज्यांना काळी-पिवळीत किंवा बसमध्ये उलटे बसून त्रास होतो, त्यांनी विमानात परीक्षा पाहू नये.

विदर्भात यात ऋतूची भर पडते. एप्रिल-मे महिन्यांत पऱ्हाटी (कपाशीची झाडे) उपटून मोकळी झालेली काळी वावरे तापतात आणि दुपारपर्यंत उष्ण हवेचे लोट वर उठू लागतात. जमिनीवर दिसते ती वावटळ, आकाशात तोच लोट लहान विमानाला बंडीसारखा हादरवतो. बोचऱ्या उन्हाळ्यात इथली उड्डाणे सकाळी लवकर करतात ती यासाठी, आणि इंजिनासाठीही. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. पण ४५ अंश तापमानात हवा इतकी विरळ होते, की धावपट्टी साधारण १,४०० ते १,५०० मीटर उंचीवर असल्यासारखे विमान वागते. वेग सावकाश वाढतो, चढ कमी होतो. पाठमोऱ्याला झुकाव कमी जाणवतो खरा, पण त्याला सोय म्हणता येणार नाही. उड्डाणापूर्वी सावजी रस्सा चापून येणाऱ्याला कोणत्याही दिशेचे आसन वाचवू शकत नाही.

दृश्याच्या बाबतीत पाठमोरा प्रवासी तोट्यात असतो असा समज आहे. पंख खाली असलेल्या विमानात गोष्ट बहुधा उलटी असते. पुढे पाहणाऱ्याला बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर दुरून दिसते आणि नेमके जवळ आल्यावर पंखाखाली जाते. पाठमोऱ्याला ते पंखाच्या मागच्या कडेतून बाहेर पडताना दिसते आणि त्याची सुमारे १.८ किमी व्यासाची पूर्ण वाटी बराच वेळ नजरेसमोर राहते. सकाळी मुंबईकडे निघालेल्या विमानात मात्र उगवतीचे ऊन तिरपे त्याच्याच डोळ्यांत येते.

उपयोग

समोरासमोर बसल्याने बोलणे सोपे होते, हा उपयोग सगळे सांगतात. पिस्टन विमानातला आवाज पाहता कानावर हेडसेट चढवावेच लागते, तरी ओठ आणि चेहरा दिसत असेल तर अर्धे वाक्य न ऐकताही कळते. मधे घडीचे टेबल उघडले की कागद पसरता येतात.

त्याहून महत्त्वाचा, पण कमी सांगितला जाणारा उपयोग तोलाचा आहे. बंडीत मागे जास्त माल भरला की ती उलार होते, जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. विमानही उलार होते, आणि ते अधिक घातक असते: शेपूट जड झाली की नाक आवरणे कठीण जाते. बोनान्झाच्या टाक्या पंखाच्या पुढच्या भागात असल्याने इंधन संपत जाते तसा तोल आणखी मागे सरकतो, म्हणजे निघताना बरोबर असलेला हिशेब उतरताना चुकू शकतो. पाठमोरी आसने शेवटच्या रांगेपेक्षा विमानाच्या मध्याजवळ असतात. म्हणून जड माणूस पाठमोरा आणि हलके माणूस शेवटच्या रांगेत, हा साधा नियम. पण घरातला कर्ता पुरुष बहुधा जाडजूड असतो आणि मानाची समजली जाणारी, पुढे तोंड असलेली मागची जागा त्यालाच हवी असते. तिथे वैमानिकाला तराजू आणि नातेसंबंध दोन्ही सांभाळावे लागतात.

आसने काढून किंवा फिरवून मांडणी बदलता येते, मात्र उत्पादकाच्या पुस्तिकेत तशी मुभा असेल तरच. ते काम परवानाधारक अभियंत्याचे असते आणि त्यानंतर वजन व तोलाचा तक्ता नव्याने करावा लागतो. रुग्णवाहिका म्हणून वापरल्या जाणाऱ्या किंग एअर आणि पीसी-१२ मध्ये एका बाजूची आसने काढून स्ट्रेचर बसवतात. तेव्हा डॉक्टर किंवा परिचारिकेला रुग्णाचा चेहरा आणि यंत्राचा पडदा एका नजरेत ठेवायला उलट्या तोंडाची जागा कामी येते.

विदर्भाच्या खेड्यात पाठमोरे आसन सर्वांत जवळून दिसते ते विमानात नाही, हेलिकॉप्टरमध्ये. बेल ४०७ या भारतात बऱ्याच वापरल्या जाणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये वैमानिकांमागे दोन आसने उलटी आणि त्यांच्यासमोर तीन सुलटी असतात. निवडणुकीच्या दिवसांत शाळेच्या मैदानावर चुन्याने वर्तुळ आखतात, धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारतात, तरी ती उडतेच. खाली येताना समोरच्या तिघांना मैदान, पताका आणि गर्दी दिसते. पाठमोऱ्या दोघांना त्या तिघांचे चेहरे.