नफा वाढला की डॉलर?

लातूरच्या आडतीत सगळा व्यवहार क्विंटलचा, पण माझ्या आजीचा हिशेब शेवटपर्यंत पायलीतच राहिला. पायली गावोगाव लहानमोठी. थोरल्या पायलीच्या गावातून धाकट्या पायलीच्या गावी ज्वारी नेली की पायल्या वाढायच्या, पोतं तेवढंच.

परदेशात पसारा असलेल्या कंपनीचे तिमाही निकाल वाचताना मला ही पायली आठवते. समजा, वाळूजच्या एका कंपनीची अमेरिकेत उपकंपनी आहे. तिचा नफा गेल्या वर्षी 10 लाख डॉलर, यंदाही तेवढाच. जानेवारी 2022मध्ये डॉलर साधारण 75 रुपयांना होता, त्याच वर्षी ऑक्टोबरात 83च्या आसपास. या दोन भावांनी रुपये केले तर साडेसात कोटींचे 8.3 कोटी होतात. जवळपास 11 टक्के वाढ, आणि एक नटबोल्टही जास्त विकलेला नाही! (प्रत्यक्षात एका दिवसाचा भाव धरत नाहीत. नफ्याला त्या काळातला सरासरी दर लावतात, मालमत्तेला आणि देण्यांना शेवटच्या तारखेचा.)

म्हणून इन्फोसिससारख्या कंपन्या ‘कॉन्स्टंट करन्सी’तली वाढ वेगळी सांगतात. यंदाची कमाई गेल्या वर्षीच्याच दराने मोजायची, म्हणजे दोन्ही वर्षांना पायली एकच.

पण त्यातही मेख आहे. नायजेरियाने जून 2023मध्ये नायराचा, म्हणजे आपल्या चलनाचा, दर मोकळा सोडला. त्याआधी डॉलरला 470च्या आसपास नायरा मिळायचे, फेब्रुवारी 2024मध्ये 1500च्या घरात. म्हणजे तिथे कमावलेल्या 47 कोटी नायरांचे आधी 10 लाख डॉलर व्हायचे, नंतर तीन लाखांच्या थोडे वर. आता महागाईमुळे तिथे मालाची किंमत दुप्पट केली, तर नायरातली विक्री फुगते. तीच जुन्या दराने मोजली की कॉन्स्टंट करन्सीतही वाढ झकास दिसते. त्यामुळे मी आधी नग बघतो: माल प्रत्यक्षात किती विकला?

वाळूजहून थेट डॉलरात माल पाठवणाऱ्या लघुउद्योजकाचं गणित निराळं. मजुरी, वीजबिल रुपयांत, येणं डॉलरात. रुपया पडला तर त्याच्या खात्यात खरोखरच जास्त पैसे येतात, ते नुसत्या कागदावर नसतात. फक्त कच्चा माल आयातीचा नको. आणि बँकेत सहा महिने आधीच फॉरवर्ड (पुढे येणारे डॉलर आज ठरलेल्या दराने विकण्याचा करार) घेऊन दर बांधून ठेवला असेल, तर डॉलर चढल्याची बातमी वाचून त्या दिवशी त्याला चहा गोड लागत नाही.