खाण एक, माती दोन

शेजारच्या वहिनींच्या दोन्ही मुलांनी गेल्या उन्हाळ्यात एक अमेरिकन मालिका पाहून संपवली. तिचं नाव ‘सुपरनॅचरल’. २००५ ते २०२० अशी पंधरा वर्षं ती चालली, तिचे ३२७ भाग आहेत. भुतं, पिशाच्चं आणि सैतान यांची शिकार करत गावोगाव फिरणाऱ्या दोन भावांची ती गोष्ट. येता-जाता वहिनींनीही बरीचशी पाहिली, आणि एका संध्याकाळी फाटकाशी उभ्या राहून त्यांनी मला विचारलं, “सर, तुम्ही बायोलॉजी शिकवता म्हणून विचारते. त्या मालिकेतले दोघं भाऊ अगदी आमच्या घरातल्यासारखे आहेत हो. आई एक, बाप एक, ताटात वाढलं तेही एकच. मग एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला, असं का होतं?”

त्यांचा थोरला पहाटे उठून यवतेश्वरचा घाट पळत चढतो. धाकट्याला त्याच वेळी हाक मारली तर तो उशाशी पुस्तक घेऊन झोपलेला सापडतो. थोरल्याला नकार देता येत नाही, धाकट्याला होकार देताना त्रास होतो. लोकांनी वहिनींना याची कारणंही सांगून ठेवली आहेत. कुणी धाकट्याच्या मूळ नक्षत्राकडे बोट दाखवतं, कुणी थोरला पायाळू जन्मला म्हणून तसा, असं सांगतं. एकाने तर बोटांचे ठसे स्कॅन करून मुलाचा स्वभाव आणि करिअर सांगणारी महागडी चाचणीही सुचवली. मी त्यांना फाटकाशीच अर्धा तास उभं केलं, तरी सांगून झालं नाही.

आधी मालिकेतले भाऊ. डीन विंचेस्टर थोरला, सॅम त्याच्याहून चार वर्षांनी धाकटा. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात त्यांचं घर. सॅम सहा महिन्यांचा असताना त्याच्या पाळण्याच्या खोलीत आई जळून मरते, आणि बाप सूड घ्यायला दोन्ही पोरांना घेऊन रस्त्याला लागतो. डीन बापाचा शब्द खाली पडू देत नाही. १९६७ची इम्पाला चालवतो, जुनं रॉक मोठ्याने लावतो, चवीने खातो, थट्टा करतो आणि मनातलं बोलत नाही. सॅम प्रश्न विचारतो, ग्रंथ उपसतो, बापाशी भांडून स्टॅनफर्डला शिकायला निघून जातो. त्याला वकील व्हायचं असतं. सॅमच्या वेगळेपणाचं एक कारण मालिकाच देते: पाळण्यात असताना एका सैतानाने आपलं रक्त त्याच्या तोंडात सोडलेलं असतं.

आता हे रक्ताचं प्रकरण. ती कल्पित कथा आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण रक्तदान शिबिरात आजही मला कुणीतरी हळूच विचारतं, “दुसऱ्याचं रक्त चढवलं की स्वभाव बदलतो का?” नाही बदलत. रक्तातल्या ज्या तांबड्या पेशींसाठी आपण ती पिशवी लावतो, त्यांना केंद्रकच नसतं. केंद्रक नाही म्हणजे त्यातली गुणसूत्रं नाहीत, म्हणजे ‘स्वभाव’ वाहून न्यायला गाडीच नाही. त्या पेशी जास्तीत जास्त १२० दिवस जगतात आणि संपतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या साताऱ्याचे, त्या साताऱ्यात तरी हा प्रश्न कुजबुजत विचारायची वेळ येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मग फरक येतो कुठून? बहुतेकांची समजूत ‘खाण तशी माती’ या म्हणीवर थांबलेली असते. आईबाप एकच, म्हणजे दोन्ही मुलांना मिळालेला माल एकच. चूक इथेच होते. खाण एकच असते, पण प्रत्येक मुलासाठी ती नव्याने खणली जाते.

शाळेत शिकलेलं आठवा. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. शुक्रपेशी किंवा अंडपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच पुढे जातं, आणि कुठलं जाईल हे जोडीजोडीला स्वतंत्रपणे ठरतं. म्हणजे २३ वेळा नाणं उडवल्यासारखं. एका माणसाकडून ८३,८८,६०८ प्रकारच्या पेशी होऊ शकतात. आई आणि वडील दोघांचा हिशोब एकत्र धरला तर एका जोडप्याला ७० लाख कोटींहून जास्त प्रकारची मुलं होऊ शकतात. आणि अजून मी खरी गंमत सांगितलेलीच नाही.

ती पाहायला कांद्याचं फूल लागतं. लोणंद-फलटणच्या बाजूला बियाण्यासाठी लावलेल्या कांद्यात डेंगळे निघतात, त्यावर पांढरे गोंडे येतात. गोंडा पुरता उमलायच्या आत, सकाळी, त्यातल्या कोवळ्या कळ्या काढून अल्कोहोल आणि अॅसेटिक अॅसिडच्या मिश्रणात टाकायच्या. दुसऱ्या दिवशी एक कळी काचपट्टीवर ठेवून सुईने उकलायची. आत सहा इवलेसे परागकोश असतात. त्यावर अॅसिटोकार्मिन या लाल रंगाचा थेंब, वरून काच, टिपकागद, आणि अंगठ्याचा सरळ दाब. अंगठा जरा सरकला की सगळं वाया. दहा काचपट्ट्यांतल्या नऊ फुकट जातात. दहावीवर मात्र गुलाबी पेशींच्या मधोमध गडद लाल रंगाच्या आठ जोड्या दिसतात. कांद्याची गुणसूत्रं सोळा, म्हणून जोड्या आठ. त्या जोड्या शेजारी शेजारी उभ्या नसतात. त्या एकमेकींत अडकलेल्या असतात. कुठे फुलीसारख्या, कुठे कड्यासारख्या. ती फुली म्हणजेच क्रॉसिंग ओव्हर.

तिथे काय झालेलं असतं ते नीट पाहू. अर्धसूत्री विभाजन, म्हणजे शुक्रपेशी किंवा अंडपेशी बनवणारं विभाजन, सुरू होण्याआधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होते, म्हणजे एका जोडीत आता चार धागे. आईकडच्याचे दोन, वडिलांकडच्याचे दोन. मग ही जोडी लांबीभर एकमेकींना चिकटते, जॅकेटची चेन लावावी तशी. आणि हे जुळणं चालू असतानाच पेशी एक धाडस करते, जे एरवी ती सहसा करत नाही. ती स्वतःचाच डीएनए कापते. त्यासाठी तिच्याकडे एसपीओ-११ नावाचं खास प्रथिन आहे. माणसाच्या एका पेशीत असे शंभरावर छेद घेतले जातात. प्रत्येक तुटलेलं टोक आपला जोडीदार शोधत पलीकडच्या धाग्यात शिरतं, तिथला मजकूर पाहून आपली दुरुस्ती करतं. बहुतेक छेद तसेच सांधले जातात. काही थोड्या ठिकाणी मात्र सांधा उलटा बसतो: आईकडच्या धाग्याचं टोक वडिलांकडच्याला आणि वडिलांकडच्याचं आईकडच्याला. तेवढा तुकडा कायमचा अदलाबदल होतो. प्रत्येक जोडीत निदान एक तरी अदलाबदल व्हावी अशी पेशीची शिस्त असते, कारण ती फुलीच दोघांना शेवटच्या क्षणापर्यंत धरून ठेवते. फुली पडली नाही तर जोडी नीट विभागली जात नाही, आणि एखाद्या अंडपेशीत एक गुणसूत्र जास्तीचं जाऊ शकतं. डाउन सिंड्रोमच्या मुळाशी हेही एक कारण असतं.

माणसाच्या शुक्रपेशीपर्यंत सरासरी २५च्या आसपास अशा अदलाबदली पोचतात, अंडपेशीपर्यंत ४०च्या आसपास. ७० लाख कोटींचा आकडा इथे फुटून जातो, कारण गुणसूत्र आता अखंड पत्ता राहत नाही, पत्तेच कापून जोडलेले असतात.

आणि हे सगळं कधी घडतं? पुरुषात वयात आल्यापासून सतत. स्त्रीत मात्र ती स्वतः जन्मायच्या आधी. मुलगी आईच्या पोटात तीन-चार महिन्यांची असते तेव्हाच तिच्या अंडाशयात ही कापाकापी सुरू होते, फुल्या पडतात, आणि मग सगळं जागच्या जागी थांबतं. पंधरा वर्षं, पंचवीस वर्षं, कधी चाळीस वर्षं. ती मोठी होते, महिन्याला एखादी पेशी जागी होते, आणि त्या वेळी कुठली बाजू अंड्यात राहणार आणि कुठली बाहेर टाकली जाणार एवढंच ठरायचं शिल्लक असतं. म्हणजे माझ्यातल्या आईकडच्या निम्म्या वाट्याची अदलाबदल झाली ती माझ्या आजीच्या पोटात. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे. पेशी तर त्याआधीच आजोळी जाऊन आलेली असते.

या सगळ्याचा परिणाम मोजलेला आहे. दोन सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा वाटा सामाईक असतो हे पुस्तकातलं गणित. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ४,४०१ भावंड-जोड्यांचे जनुकीय नमुने प्रत्यक्ष तपासले, तेव्हा तो वाटा सुमारे ३७ टक्क्यांपासून ६२ टक्क्यांपर्यंत निघाला. सरासरी पन्नासच. पण काही सख्खी भावंडं दुसऱ्या सख्ख्यांपेक्षा खरोखरच कमी ‘सख्खी’ असतात. त्यात स्वभाव हा काही एका जनुकाचा खेळ नव्हे. हजारो ठिकाणचे बारीक बारीक फरक मिळून तो घडतो, त्यामुळे वाटणी जराशी हलली तरी बेरीज दुसरी येते.

इतकं सांगून मी थांबलो तर लोक म्हणतील, म्हणजे सगळं जनुकांतच आहे. तसंही नाही. २०१५ मध्ये जुळ्यांवरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, २,७४८ शोधनिबंधांचा. माणसामाणसांतल्या फरकांपैकी सरासरी ४९ टक्के फरक अनुवंशाशी जोडता येतो, असं त्यातून निघालं. स्वभावाच्या बाबतीत हा आकडा थोडा कमीच, ४०च्या आसपास येतो. हा आकडा लोकसमूहातल्या फरकांचा आहे. एखाद्याचा चाळीस टक्के राग आजोबांचा आणि उरलेला शेजाऱ्यांचा, असा त्याचा अर्थ लावू नये.

उरलेल्याचं काय? इथे संशोधकांनाही धक्का बसला होता. उरलेलं म्हणजे ‘घरचे संस्कार’ असं सगळे धरून चालले होते. पण दत्तक घेतलेली, एकाच घरात वाढलेली, रक्ताचं नातं नसलेली मुलं मोठेपणी तपासली तर त्यांचे स्वभाव अनोळखी माणसांइतकेच वेगळे निघतात. घर भाषा देतं, चव देतं, माया देतं, जगण्याची रीत देतं. भित्रा की धीट, बोलका की अबोल, हे मात्र ते दोन मुलांना सारखं वाटत नाही. रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स या संशोधकांनी १९८७ मध्येच यावर बोट ठेवलं: एका घरातल्या दोन मुलांचं घर एक नसतं.

मालिकेत हे फार चांगलं दिसतं. आग एकच लागली. त्या वेळी डीन चार वर्षांचा होता, बापाने तान्ह्या भावाला त्याच्या हातात दिलं आणि मागे न बघता बाहेर पळ असं सांगितलं. त्याला आईचा आवाज आठवतो, हातातलं ओझं आठवतं. सॅमला काहीच आठवत नाही. त्याच्या वाट्याला फक्त बापाचं वेड आलं, कारणाशिवाय. दोघं वर्षानुवर्षं एकाच गाडीत बसले, पण एक स्टिअरिंगवर आणि एक शेजारी.

यावरून लगेच “थोरला जबाबदार, धाकटा बंडखोर” असा नियम काढायचा मोह होतो. मानसशास्त्रज्ञ अल्फ्रेड अॅडलरपासून हा विचार चालत आला, १९९६ मध्ये फ्रँक सुलोवे यांच्या पुस्तकाने तो गाजला. मग मोजणी झाली. २०१५ मध्ये एका अभ्यासात अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांवर लोकांची, दुसऱ्यात ३,७७,००० अमेरिकन विद्यार्थ्यांची माहिती तपासली गेली. जन्मक्रमाचा स्वभावावरचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. मग आपल्याला तो घरोघरी का दिसतो? कारण आपण चौदा वर्षांच्या मुलाची तुलना दहा वर्षांच्या मुलाशी करतो. थोरला नेहमीच वयाने मोठा असतो, म्हणून नेहमीच समजूतदार दिसतो. धाकटाही चार वर्षांनी तसाच होतो, पण तोवर थोरला आणखी पुढे गेलेला असतो.

आणि जनुकं सारखी, घरही सारखं असलं तर? २०१३ मध्ये जर्मनीत हे करून पाहिलं गेलं. जनुकीयदृष्ट्या एकसारखे ४० उंदीर, एकच मोठा बहुमजली पिंजरा, प्रत्येकाच्या अंगात बारीक चिप, तीन महिने. सुरुवातीला सगळे जवळपास सारखे वागत. हळूहळू काही उंदीर सगळा पिंजरा पालथा घालू लागले, काही कोपरा धरून राहिले, आणि हा फरक आठवड्यागणिक वाढत गेला. जे जास्त फिरले त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जास्त तयार झालेल्या आढळल्या. सुरुवातीचा फरक अगदी किरकोळ असेल, पण त्यावरच पुढची वाट बेतत गेली. महाबळेश्वरच्या माथ्यावर पावसाचे दोन थेंब वीतभर अंतराने पडतात. एक सावित्रीला मिळून महाडवरून अरबी समुद्रात जातो, दुसरा कृष्णेला मिळून वाई, माहुली, कराड, सांगली करत बंगालच्या उपसागरात.

बोटांच्या ठशांचंही असंच आहे. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचे ठसेसुद्धा वेगळे असतात, कारण गर्भात चौथ्या महिन्याच्या आसपास त्या रेषा उमटताना तिथला दाब, वाढीचा वेग, क्षणाक्षणाची परिस्थिती यांचाही त्यात हात असतो. त्या रेषांवरून मुलाने इंजिनियर व्हावं की गायक हे सांगणाऱ्या चाचणीला काहीही आधार नाही. वहिनींनी ते पैसे वाचवले, याचा मला आनंद आहे.

फेब्रुवारीत मी दोन्ही मुलांना प्रयोगशाळेत बोलावलं आणि कांद्याची काचपट्टी दाखवली. वहिनीही आल्या. सूक्ष्मदर्शकावर त्यांनी बराच वेळ डोळा लावून ठेवला. आजीच्या पोटातल्या फुल्यांचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, “म्हणजे ही दोघं माझ्या आईच्या पोटात असतानाच वेगळी झाली?”

“काही अंशी,” मी म्हणालो.

त्यांची आई वडूजला असते. रविवारी जाऊन तिला सांगणार आहे, असं म्हणत त्यांनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.