फ्लॅशसाठी छत्री घेताय? आधी खोली सांगा

‘सगळ्यात मऊ प्रकाश देणारी छत्री द्या,’ अशी मागणी आमच्याकडे नेहमी होते. त्यावर आम्ही उलट विचारतो, फोटो कुठे काढता आणि छत्री चेहऱ्याच्या किती जवळ आणता येईल? मऊपणा, म्हणजे सावलीची कड विरलेली असणं, कापडात नसतो. समोरच्या माणसाला प्रकाशाचा पृष्ठभाग केवढा दिसतो, यावर तो ठरतो. 1 मीटर रुंदीची छत्री 1 मीटरवर ठेवली तर नाकाची सावली कडेला विरत जाते. तीच छत्री 4 मीटर मागे नेली की सावलीला पुन्हा धार येते. सूर्य तर केवढा थोरला, पण इतका लांब की दुपारच्या सावल्या कडकच पडतात.

फ्लॅशच्या तोंडावर बसवायची पांढरी प्लॅस्टिकची टोपी आम्हीही विकतो, म्हणून स्पष्टच सांगतो. पांढरं छत असलेल्या खोलीत ती कामाची, कारण तिथे छत आणि भिंतीच मोठा दिवा बनतात. मोकळ्या मैदानात ती नुसता प्रकाश खाते. सावली होती तशीच राहते.

आरपार की परतवणारी?

आरपार म्हणजे शूट-थ्रू छत्री. पांढऱ्या पातळ कापडातून प्रकाश गाळून पुढे जातो. दांडा आणि फ्लॅश कापडाच्या मागे राहतात, म्हणून ती चेहऱ्याच्या अगदी जवळ, फ्रेमच्या कडेपर्यंत सरकवता येते. एकट्या माणसाच्या फोटोला आमची पहिली पसंती हिलाच. पण बराच प्रकाश कापडावर आपटून मागेही उडतो. खोली लहान आणि भिंती हिरव्या असतील तर तो हिरवा होऊन परत येतो, आणि मग त्वचेचा रंग सुधारताना संगणकापुढे जीव जातो.

अशा खोलीत बाहेरून काळं अस्तर असलेली, प्रकाश परतवणारी छत्री घ्या. आतून पांढरी असेल तर प्रकाश सौम्य. चंदेरी असेल तर जास्त प्रकाश पुढे येतो, पण घामेजल्या कपाळावर चकाकीही तितकीच. हिचा दांडा माणसाच्या दिशेने असतो, त्यामुळे फार जवळ आणता येत नाही. काळं अस्तर काढता येणारी छत्रीही मिळते. पहिलीच खरेदी असेल तर तीच, साधारण 43 इंची, घ्यावी असं आमचं मत आहे.

छोट्या बॅटरीच्या फ्लॅशला थेट 7 फुटी छत्री लावायचा मोह टाळा. एवढं कापड उजळताना फ्लॅश पूर्ण ताकदीवर चालवावा लागतो आणि दोन फोटोंमध्ये ताटकळावं लागतं. आणि छत्री कुठलीही असो, फ्लॅशचा झूम 24 किंवा 35 मिमीवर आणा; आकडा लहान तितका प्रकाश जास्त पसरतो. 105 वर ठेवलात तर मधला गोलच उजळतो, बाकीची छत्री फुकट.

ग्रुप फोटोचं गणित वेगळं. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई उरतो. पुढची रांग छत्रीपासून 1 मीटरवर आणि मागची 2 मीटरवर असेल तर मागच्यांना दोन स्टॉप कमी मिळतात (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). छत्री लांब नेऊन तीच अंतरं 4 आणि 5 मीटर केली तर फरक जेमतेम दोन तृतीयांश स्टॉपचा राहतो. मऊपणा थोडा जातो, पण मागचे काका अंधारात बसत नाहीत. चष्मेवाले असतील तर छत्री वर आणि बाजूला न्या. नाहीतर काचांत पांढरे ठिपके दिसतील.

सॉफ्टबॉक्स कधी?

सॉफ्टबॉक्स म्हणजे बाजूंनी बंद आणि पुढे पांढरं कापड असलेला, फ्लॅशवर लावायचा डबा. तो घ्यावा मागची भिंत काळीच ठेवायची असेल तेव्हा. पुढे कापडी जाळी, म्हणजे ग्रिड, लावली की प्रकाश हवा तिथेच पडतो. छत्रीला हे जमत नाही. मात्र छत्री अर्ध्या मिनिटात उघडते, आणि सॉफ्टबॉक्सच्या काड्या बसवताना पहिल्या वेळी घाम फुटतो.

बाहेर काम असेल तर वाळूची पिशवी छत्रीबरोबरच घ्या. उघडी छत्री म्हणजे शीड. वाऱ्याची एक झुळूक आली की फ्लॅशसकट स्टँड जमिनीवर. पिशवी नसेल तर कुणालातरी स्टँड धरायला उभं करा.

छत्र्यांचे दांडे सहसा 8 मिमीचे असतात, काही 7 मिमीचे. स्टँडवर फ्लॅश आणि छत्री धरणाऱ्या पकडीला, म्हणजे ब्रॅकेटला, दांड्यासाठी भोक असतं. 8 चा दांडा 7 च्या भोकात जात नाही. 7 चा 8 च्या भोकात स्क्रू आवळूनही कधी कधी डुगडुगतो. म्हणून येताना तुमचा ब्रॅकेट बरोबर आणा. छत्री त्यात बसवून पाहूनच देऊ.