राऊटर सेटिंग (इंटरनेट फोनसाठी)

घरच्या इंटरनेट लाईनवरून फोन नीट लागावा, दोन्हीकडचा आवाज पोचावा आणि बोलता बोलता कट होऊ नये म्हणून राऊटरमध्ये जे फेरफार करतात त्यांना हे नाव. व्हॉट्सॲप कॉलसाठी सहसा यातलं काही करावं लागत नाही, तसली ॲप्स आपली वाट आपण काढतात. इथे मुख्यतः सिप (कॉल जोडायचे-तोडायचे ठरलेले नियम) या प्रोटोकॉलवर चालणाऱ्या फोनचा विचार केलाय, म्हणजे टेबलावरचा आयपी फोन, मोबाईलमधला सॉफ्टफोन, नाहीतर जुना लँडलाईनचा फोन नेटला जोडणारी एटीएची डबी (ग्रँडस्ट्रीमची एचटी८०१ वगैरे). फायबर कंपनीने दिलेल्या ओएनटीच्या (फायबरची तार घरात येऊन जिथे संपते ती पेटी) मागे टेलिफोनची वायर लावायची जागा असेल तर सिपचं खातं कंपनीच आत भरून देते आणि ग्राहकाच्या हातात फार काही उरत नाही.

अडचणीचं मूळ नॅटमध्ये आहे. घरात दहा उपकरणं असली तरी कंपनीकडून पत्ता मिळतो एकच, तेव्हा आतल्यांना १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्ते द्यायचे (हे गट फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने, म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणाऱ्या क्रमांकित कागदाने, पक्के केले) आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर (डेटाच्या तुकड्यावर) राऊटरने स्वतःचा पत्ता टाकायचा, ही ती पद्धत. तिचं जनकत्व कुणाला द्यायचं यावर दोन मतं आहेत. एक धागा जातो पॉल त्सुचिया (पुढे पॉल फ्रान्सिस) आणि टोनी एंग यांच्या जानेवारी १९९३ च्या निबंधाकडे. त्याच विचारावर एगेव्हांग आणि फ्रान्सिस यांचा आरएफसी १६३१ मे १९९४ मध्ये आला. दुसरा धागा जॉन मेझ यांच्या नेटवर्क ट्रान्सलेशन कंपनीच्या पिक्स या पेटीकडे जातो, ती साधारण त्याच सुमाराला बाजारात आली आणि १९९५ मध्ये सिस्कोने ती कंपनीच विकत घेतली. कल्पनेचा मान त्सुचिया-एंग यांना आणि चालत्या वस्तूचा मेझ यांना, अशी वाटणी जास्त पटते. पण आज घरोघरी जे चालतं, म्हणजे एकाच पत्त्यामागे पोर्ट नंबर (एकाच पत्त्यावरचे वेगवेगळे दरवाजे) बदलून सगळं घर बसवायचं, त्याची नीट परिभाषा व्हायला ऑगस्ट १९९९ चा आरएफसी २६६३ उजाडावा लागला, त्यामुळे ‘नॅट १९९४ ला आलं’ हे सरसकट विधान जपून वापरावं. विशेष म्हणजे १९९४ च्या त्या कागदातच हा तात्पुरता उपाय असल्याचं आणि याने काही ॲप्लिकेशन बिघडतील असंही लिहून ठेवलंय. तात्पुरता उपाय तीस वर्षांनंतरही मुक्कामाला आहे, आणि बिघडणाऱ्यांत टेलिफोन पहिल्या रांगेत.

सिपचा जन्म साधारण त्याच काळातला. १९९६ च्या सुरुवातीला दोन वेगवेगळे मसुदे होते, एक मार्क हँडली आणि ईव्ह स्कूलर यांचा आणि दुसरा हेनिंग शुल्झरिन यांचा, ते एकत्र होऊन मार्च १९९९ मध्ये आरएफसी २५४३ झाला आणि जून २००२ मध्ये आजचा आरएफसी ३२६१. या मंडळींपुढे चित्र होतं ते विद्यापीठांतल्या जाळ्यांवरच्या परिषदांचं, जिथे प्रत्येक मशीनला स्वतःचा जाहीर पत्ता असायचा. म्हणून सिपमध्ये फोन आपला पत्ता निरोपाच्या आत स्वतःच लिहितो. समजा घरातल्या फोनचा पत्ता १९२.१६८.१.२० आहे. तो कॉल लावताना जो इन्व्हाईट (कॉलचं बोलावणं) पाठवतो त्याच्या पोटात ‘सी’ अक्षराची एक ओळ असते, तिच्यात ‘आवाज १९२.१६८.१.२० वर पाठवा’ एवढंच सांगितलेलं असतं. राऊटर पाकिटावरचा पत्ता बदलतो, आतली चिठ्ठी तशीच राहते. समोरचा माणूस आवाज त्या पत्त्यावर धाडतो, जो बाहेरच्या जगात कुठेच पोचत नाही, म्हणून त्याला आपलं ऐकू येतं आणि आपल्याला त्याचं नाही. यालाच एकतर्फी आवाज म्हणतात.

यावर राऊटर बनवणाऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे सिप एएलजी, म्हणजे राऊटरनेच चिठ्ठी उघडून आतला पत्ताही बदलायचा. कागदावर हे बरोबर आहे. पण सिपचा निरोप लिहायच्या पद्धती इतक्या आहेत की स्वस्त राऊटरमधलं एएलजी काही ओळी बदलतं, काही विसरतं, आणि मग सर्व्हरला (फोनसेवा देणाऱ्या कंपनीच्या मशीनला) अर्धवट बदललेला निरोप मिळतो, जो न बदललेल्यापेक्षा वाईट. एएलजी चालू ठेवावं असं म्हणणारेही आहेत, आणि सर्व्हर खूप जुना असेल नि नॅटची दखलच घेत नसेल तर त्यांचं खरं ठरू शकतं. पण आजच्या बहुतेक सेवांचे सर्व्हर, आवाज ज्या पत्त्यावरून आला त्याच पत्त्यावर उलट पाठवतात, आतली चिठ्ठी काही का म्हणेना. त्यामुळे पहिलं काम, एएलजी बंद करणं. टीपी-लिंकच्या आर्चर मालिकेत ते ॲडव्हान्स्डमध्ये नॅट फॉरवर्डिंगखाली एएलजी या पानावर सापडतं, मायक्रोटिकमध्ये फायरवॉलच्या सर्व्हिस पोर्ट्समध्ये. काही कंपन्यांच्या ओएनटीत हा पर्याय ग्राहकाला दाखवलेलाच नसतो, तिथे सिप नेहमीच्या ५०६० ऐवजी दुसऱ्या पोर्टवर चालवायचं किंवा टीएलएसवर (निरोप सांकेतिक करून पाठवायची पद्धत) ५०६१ ला न्यायचं, कारण गुंडाळलेल्या निरोपात एएलजीला डोकावता येत नाही. फोनने आपला बाहेरचा पत्ता आधीच विचारून घ्यावा म्हणून मार्च २००३ मध्ये स्टन आलं, पण नॅटचे ठराविक प्रकार पाडून त्यावर भरवसा ठेवायची त्यातली पद्धत २००८ च्या आवृत्तीने सोडून दिली. सर्व्हर सांभाळून घेत असेल तर स्टन बंद ठेवलेलं बरं.

लक्षणांवरून दोष ओळखता येतो. कॉल उचलल्यावर बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल तर उचलल्याची पोच मधेच कुठेतरी हरवतेय: सिपचा मूळ घड्याळठोका अर्ध्या सेकंदाचा आणि असे ६४ ठोके वाट बघून उचलणारी बाजू फोन ठेवते. पंधरा मिनिटांनी तुटत असेल तर सेशन टायमरचा (कॉल अजून चालू आहे का हे ठराविक वेळाने तपासणारी सोय) संशय घ्यावा, त्याची नेहमीची मुदत १८०० सेकंद आणि नूतनीकरण तिच्या निम्म्यावर. बाहेर फोन लागतो पण थोड्या वेळाने येणारे बंद होतात, ही तक्रार सगळ्यात जास्त. ती येते कारण राऊटर यूडीपीची (सिपचे निरोप सहसा ज्या पद्धतीने जातात ती) नोंद, म्हणजे बाहेरून आलेलं पॅकेट आत कुणाला द्यायचं याची आठवण, लवकर पुसतो. आरएफसी ४७८७ ने किमान दोन मिनिटं सांगितली आहेत, तरी लिनक्सवर चालणाऱ्या राऊटरमध्ये एकतर्फी नोंदीला मूळची मुदत ३० सेकंदच असते, आणि फोन मात्र तासाने एकदा रजिस्टर होतो, म्हणजे सर्व्हरला आपला पत्ता कळवतो. उपाय फोनमध्येच करायचा, कीप-अलाइव्ह (नोंद जिवंत ठेवायला पाठवलेलं छोटं पॅकेट) २० ते २५ सेकंदांवर ठेवायचा.

पोर्ट फॉरवर्डिंग करा, म्हणजे बाहेरून एखाद्या पोर्टवर येणारं सगळं थेट फोनकडे वळवा, असा सल्ला सर्रास मिळतो, तो घरासाठी मानू नये. ५०६० पोर्ट जगाला उघडं केलं की सिप शोधत फिरणारे स्कॅनर येऊन धडकतात, आणि रात्री-बेरात्री १०० किंवा १००० अशा नंबरवरून रिंग वाजते, उचललं तर कुणी नाही. पासवर्ड कच्चा असेल तर कुणीतरी आपल्या खात्यावरून परदेशी कॉल करून बिल फुगवतं, आणि ते पैसे परत मिळवणं फार अवघड. आयपीव्ही६ वर, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, नॅट नसलं तरी फायरवॉल (बाहेरचं नको ते अडवणारी भिंत) असतेच, ती सरसकट उघडू नये.

ओएनटीला स्वतःचा दुसरा राऊटर जोडला की नॅट दोनदा होतं, तेव्हा एकाला ब्रिज मोडमध्ये (नॅट न करता नुसतं पुढे ढकलायच्या स्थितीत) टाकावं. राऊटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर कंपनीही वरून नॅट करतेय (हा गट एप्रिल २०१२ मध्ये त्यासाठीच राखून ठेवला). तिथे पोर्ट फॉरवर्डिंगचा तसाही उपयोग नसतो.

आवाज तुटक येणं हा वेगळा विषय आणि तिथे मात्र राऊटरने खरंच काम करायला हवं. जी.७११ मध्ये (आवाज डेटात बदलायच्या नेहमीच्या पद्धतीत) दर सेकंदाला ५० पॅकेट जातात, सगळं धरून एका बाजूला साधारण ८७ किलोबिट, म्हणजे स्पीड कमी पडतो असं क्वचितच होतं. घरात कुणी मोठी फाईल अपलोड करतं तेव्हा राऊटरची रांग भरते आणि आवाजाची बारीक पॅकेटं तिच्यामागे अडकतात. १ मेगाबिटच्या अपलोडवर १५०० बाईटचं एक पॅकेट जायलाच १२ मिलिसेकंद लागतात, अशी पन्नास पुढे असली की ६०० झाले, आणि आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत एका दिशेला १५० पर्यंतचा उशीर चांगला मानलाय. आवाजाच्या पॅकेटवर ४६ ची डीएससीपी (प्राधान्य सांगणारी) खूण लावून त्यांना पुढे काढणं ही जुनी रीत. रांगच लहान ठेवणारी एफक्यू-कोडेल ही नवी, निकोल्स आणि जेकबसन यांच्या २०१२ च्या कामातून निघालेली, आणि घरासाठी तीच सरस, कारण खूण कुणी लावली नाही तरी ती चालते. ओपनडब्ल्यूआरटी या राऊटरच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एसक्यूएम नावाने ती मिळते, मोजलेल्या स्पीडच्या ८५-९० टक्क्यांवर मर्यादा बांधायची.

भारतात इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी १ एप्रिल २००२ पासून. ट्रायने ऑक्टोबर २०१७ मध्ये शिफारशी केल्या, जून २०१८ मध्ये परवान्यांत बदल झाले आणि त्याच वर्षी बीएसएनएलने सिपवरची विंग्ज सेवा आणली.

जुन्या तांब्याच्या लँडलाईनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे, लाईट गेली तरी फोन चालायचा. इंटरनेट फोनमध्ये तसं नाही. गावाकडे भारनियमन असेल आणि घरात म्हातारी माणसं असतील तर आधी विजेचं बघावं, ११२ लावायची वेळ कधीही येते. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, तो ओएनटी, राऊटर आणि एटीए या सगळ्यांना लावायचा, एकट्या राऊटरला लावून भागत नाही.