अंगठ्याचा ठेका

जुलैतला रविवार, पावसाची झड लागलेली. कोल्हापूरच्या राजारामपुरीतला माझा भाचा गिटार आणि एक छापलेला कागद घेऊन आला. कागदावर अमेरिकन लोकसंगीताच्या वळणाची सोळा मापांची धून टॅबमध्ये लिहिलेली होती; माप म्हणजे चार ठोक्यांचा एक तुकडा. त्यानं पहिली ओळ वाजवून दाखवली. एकही आकडा चुकला नाही, पण धून काही ऐकू येईना. "मामा, आकडे तर सगळे बरोबर हायत की!" तो म्हणाला. आकडे खरंच बरोबर होते. मग अडलं कुठं?

टॅब वाचायला सोपा. सहा आडव्या रेघा म्हणजे सहा तारा; सगळ्यात वरची रेघ सगळ्यात बारीक तारेची. रेघेवरचा आकडा म्हणजे त्या तारेचा कितवा फ्रेट, म्हणजे गिटारच्या मानेवरची कितवी आडवी पट्टी, दाबायचा, आणि शून्य म्हणजे मोकळी तार. भाच्याच्या कागदावर पहिल्याच मापात पाचव्या तारेवर ३, चौथीवर २, दुसरीवर १ आणि पहिलीवर ० असे आकडे होते. एवढ्यावर काम भागतं, कारण स्वरांचा हिशोब फ्रेट बसवणाऱ्यानं आधीच करून ठेवलेला असतो. एक फ्रेट पुढं गेलं की कंपनसंख्या सुमारे १.०५९५ पट होते, बारा फ्रेट गेलं की बरोबर दुप्पट. पाचवी तार मोकळी वाजवली तर सेकंदाला ११० कंपनं. तिसऱ्या फ्रेटवर दाबली की जवळजवळ १३१. म्हणूनच फ्रेट पुढं पुढं दाटीनं येतात. ६५ सेंटिमीटरच्या तारेवर पहिला फ्रेट साधारण ३.६ सेंटिमीटरवर असतो, तर अकराव्या आणि बाराव्यामधलं अंतर जेमतेम १.९ भरतं.

ही लिपी पाचशे वर्षांहून जुनी आहे. १५०७ मध्ये व्हेनिसमध्ये ल्यूट या वाद्याचे टॅब छापले गेले. १५३६ मध्ये वॅलेन्सियात लुईस मिलान यानं विहुएलासाठी पुस्तक काढलं. विहुएला म्हणजे गिटारची जुनी नातेवाईक. इटालियन टॅबमध्ये बारीक तार खाली असे, मिलाननं ती वर घेतली, आणि आजचा टॅब त्याच्यासारखाच आहे. या जुन्या छापील टॅबमध्ये रेघांच्या वर लयीच्या खुणा असत: हा स्वर किती वेळ, तो किती. आज टाइप करून फिरणाऱ्या टॅबमध्ये बऱ्याचदा नेमक्या त्याच गळालेल्या असतात. भाच्याच्या कागदावरही नव्हत्या. कुठं वाजवायचं ते कागद सांगत होता, कधी वाजवायचं ते सांगत नव्हता.

इथं मला कुरुंदवाडची आठवण होते. विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ मध्ये तिथं जन्मले, आपल्याच जिल्ह्यात. त्यांनी गाण्यासाठी जी स्वरलिपी घडवली, तिच्यात स्वराबरोबर त्याची मात्राही लिहायची सोय होती. टॅबची दिशा उलटी आहे. तो स्वराचं नाव घेत नाही, थेट हाताशी बोलतो. नवशिक्याला त्यामुळं पहिल्या दिवशी सूर निघतो हे मोठंच सुख आहे, पण मात्रेची जबाबदारी त्याच्यावर पडते.

लहानपणी मी चार वर्षं तबला शिकलो. म्हणून भाच्याला म्हटलं, गिटार बाजूला ठेव, आधी तोंडानं म्हणू. या शैलीत अंगठा जाड तारांवर चार ठोके सतत देत राहतो आणि बोटं बारीक तारांवर चाल वाजवतात. तबल्यात डग्ग्यावरचा 'गे' आणि दायाँवरचा 'ना' एकदम वाजला की 'धा' होतो. इथंही तसंच आहे. नुसता अंगठा म्हणजे 'गे', नुसतं बोट म्हणजे 'ना', दोन्ही एकदम छेडले की 'धा'. पहिल्या मापाचे आठ भाग पाडले आणि बोल निघाला:

धा ऽ गे ना गे ना गे ऽ

अंगठ्याचे चार ठोके पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या जागी. बोटाचा एक आघात 'धा'मध्ये, दोन अध्येमध्ये. टेबलावर हात आपटत आम्ही हे वीसेक वेळा म्हटलं आणि मग त्यानं गिटार उचलली. तिसऱ्या आवर्तनाला चाल ऐकू आली!

हे अवघड का जातं, त्याचं कारण हातात आणि मेंदूत दोन्हीकडं आहे. तळहात टेबलावर ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि अनामिका उचलून बघा. बहुतेकांना जमत नाही, कारण बोटं सरळ करणारे स्नायुबंध मनगटापुढं एकमेकांना जोडलेले असतात. मेंदूचाही कल सगळं एकदम हलवण्याकडं असतो. बोट दोन ठोक्यांच्या मधे पडायला गेलं की अंगठाही त्याच्यामागं ओढला जातो. यावर उपाय म्हणजे अंगठा इतका घोटून घ्यायचा की त्याच्याकडं लक्ष द्यावं लागू नये. मी भाच्याला अंगठा चालू ठेवून घरचा पत्ता सांगायला लावला. 'राजारामपुरी' म्हणताना ठोका अडखळला. तो अडखळायचा थांबेपर्यंत बोटं जोडायची नाहीत असं ठरलं.

सराव किती वेळ करायचा, हा त्याचा पुढचा प्रश्न. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी लोकांना ४-१-३-२-४ या क्रमानं बोटांनी कळा दाबायला लावल्या, दहा सेकंद सराव आणि दहा सेकंद विश्रांती. २०१९ मध्ये त्यांनी मांडलं की सुरुवातीची प्रगती बरीचशी त्या विश्रांतीतच दिसते. पुढं इतरांनी त्यावर आक्षेप घेतला, की ही वाढ म्हणजे विश्रांतीतलं शिकणं नव्हेच. तो वाद मिटलेला नाही. झोपेबद्दलचा पुरावा मला जास्त मोलाचा वाटतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका प्रयोगात रात्रीच्या झोपेनंतर, मधे काहीही सराव न करता, बोटांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला आढळला. म्हणून रविवारी तीन तास घासण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बसावं, असं माझं मत आहे.

वर्षानुवर्षं हे चाललं तर मेंदूचा नकाशाही बदलतो. १९९५ मध्ये तंतुवाद्य वाजवणारे नऊ जण तपासले गेले, बहुतेक व्हायोलिनवाले आणि एक गिटारवाला. डाव्या हाताच्या बोटांसाठी राखलेला मेंदूतला भाग त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा होता, आणि लहानपणी सुरुवात केलेल्यांत तो आणखी मोठा.

आमचं घोडं चौथ्या मापात अडलं. तिथं कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा संच, बदलतो आणि अंगठ्याला पाचव्या तारेवरून सहाव्या तारेवर, तिसऱ्या फ्रेटकडं जावं लागतं. रविवारी ते जमलंच नाही. पावसानं गिटारचं लाकूड फुगून तारा फ्रेटपासून उंच गेल्या होत्या, त्यामुळं दाबायलाही जड जात होतं. तो संध्याकाळी घरी गेला.

सोमवारी रात्री त्याचा व्हॉइस मेसेज आला. तीन मापं गुळगुळीत गेली. चौथ्याला तार थांबली, पण तोंड थांबलं नव्हतं: गे ना गे ऽ. पुढच्या 'धा'ला अंगठा सहाव्या तारेवर पोहोचला होता.