विद्युत मोटारसायकलचा पल्ला : सातारा परिसर

विद्युत मोटारसायकल एका पूर्ण चार्जिंगमध्ये जेवढे अंतर तोडते, तो तिचा पल्ला; बोलण्यात ‘रेंज’. बॅटरीची क्षमता, वेग, वजन आणि रस्त्याचा चढउतार यांवर तो ठरतो. सातारा जिल्ह्यात यांपैकी चढउताराचे महत्त्व फार मोठे आहे. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 740 मी. उंचीवर आहे, कासचे पठार 1,200 मी.च्या आसपास, पाचगणी जवळपास 1,300 मी. आणि महाबळेश्वर त्याहूनही वर. त्यामुळे ‘गाडी किती जाते?’ असे कोणी विचारले, तर कुठे जायचे आहे हे आधी कळायला हवे.

कंपन्या जाहीर करतात तो पल्ला प्रमाणित चाचणीतला असतो. भारतात पुण्याची एआरएआय ही अशा चाचण्या घेणारी प्रमुख संस्था आहे. पल्ल्यासाठी बराच काळ वापरात असलेल्या ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ या ठरावीक वेगक्रमाच्या चाचणीत कमाल वेग ताशी 42 किमी. आणि सरासरी वेग 22 किमी.च्या आसपास असतो. तिथे घाट नाही, समोरून वारा नाही, मागच्या सीटवर कोणी बसलेले नाही. पुण्याच्या टॉर्क कंपनीने 2022 मध्ये ‘क्रॅटोस’ आणताना दोन्ही आकडे सांगितले होते : चाचणीत 180 किमी., प्रत्यक्ष वापरात 120 किमी., बॅटरी 4 युनिटची (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, वीजबिलातले तेच). म्हणजे चाचणीत किलोमीटरला 22 वॉट-तास (हजार वॉट-तासांचे एक युनिट) आणि रस्त्यावर 33. सगळ्याच कंपन्यांनी असे दोन आकडे शेजारी छापावेत. ग्राहकाला त्याहून उपयोगी माहिती दुसरी नाही. ‘रिव्होल्ट आरव्ही 400’ची बॅटरी 3.24 युनिटची आणि जाहीर पल्ला 150 किमी.; तिलाही हाच हिशेब लावला तर शंभराच्या आसपास पल्ला धरणे रास्त ठरते.

सपाटीवर सर्वांत जास्त वीज हवा कापण्यात जाते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो : ताशी 40 वरून 60 वर गेले की तो सव्वादोन पट होतो, 80 वर चौपट. पोवई नाका, गोडोली, एमआयडीसी अशा गावातल्या फेऱ्यांत जी गाडी दिलेला शब्द जवळपास पाळते, तीच महामार्गाने शेंद्रे, नागठाणे, उंब्रज करत कराडकडे सत्तर-ऐंशीच्या वेगाने निघाली की बॅटरीचे टक्के झपाट्याने खाते. कृष्णाकाठचा हा रस्ता बराचसा सपाट आहे. पल्ला घटतो तो केवळ वेगामुळे. पन्नास-पंचावन्नवर गाडी ठेवली तर कराडला पोहोचायला थोडा उशीर होतो, पण बॅटरीत दिसण्याइतका फरक पडतो.

घाटाचा खर्च वेगळा मोजावा लागतो आणि तो मोजता येतो. 110 किलोची गाडी आणि दोन माणसे मिळून 250 किलो धरले, तर साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने कासपर्यंतची सुमारे 460 मी. उंची गाठायला 0.31 युनिट ऊर्जा लागते. मोटर आणि कंट्रोलर (मोटरला बॅटरीतून किती वीज द्यायची हे ठरवणारा भाग) यांच्यातली घट धरून बॅटरीतून 0.4 युनिटच्या जवळपास जाते. सुमारे 25 किमी. अंतराला सपाटीच्या हिशेबाने लागणारे 0.8 युनिट त्यात मिळवले की वर जाताना 1.2 युनिट लागतात. हा चढाचा खर्च वजनाच्या प्रमाणात असतो. सपाटीवर एकसारख्या वेगाने जाताना डबल सीटचा फरक फारसा जाणवत नाही; पण दुधाचे 40 लिटरचे दोन कॅन लावून डोंगरातल्या वाडीवर चढायचे, तर ऐंशीहून अधिक किलो मीटरभर-मीटरभर वर उचलावे लागतात.

उतारावर परत येताना हिशेब उलटतो. सौम्य उतारावर गुरुत्वाकर्षण गाडी ओढते आणि मोटरला काम उरत नाही. तीव्र उतारावर ज्या गाड्यांत रिजनरेशनची सोय आहे, त्यांत मोटर जनित्रासारखी चालून थोडी वीज बॅटरीत परत घालते. कासहून साताऱ्याला येणे त्यामुळे जाण्याच्या साधारण निम्म्या विजेत होते. चढताना गेलेली सगळी वीज मात्र परत मिळत नाही. इथे एक गोष्ट ठाऊक असलीच पाहिजे. पाचगणीत बॅटरी शंभर टक्के भरून लगेच पसरणी घाट उतरायला घेतला, तर भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागा नसते. रिजनरेशन मंदावते किंवा बंद पडते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वर मुक्काम असेल तर 85-90 टक्क्यांवर चार्जिंग थांबवणे वाईपर्यंतच्या उताराला पुरेसे असते आणि सुरक्षितही.

चढावर टक्क्यांचा आकडा फसवतो. जास्त प्रवाह ओढला जात असताना बॅटरीचे व्होल्टेज दबते आणि काही गाड्यांचा मीटर त्यावरून चार्ज प्रत्यक्षाहून कमी दाखवतो. घाटमाथ्यावर गाडी पाच मिनिटे उभी केली की एक-दोन टक्के परत आलेले दिसतात. चार्ज दहा-वीस टक्क्यांखाली गेला की बहुतेक गाड्या स्वतःहून ताकद कमी करतात. घाटाच्या मध्यावर ही वेळ येऊ देऊ नये.

जोराच्या बाबतीत या गाड्या चढावर निराश करत नाहीत. विद्युत मोटर जवळजवळ शून्य वेगापासून पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, देते, त्यामुळे पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे चढताना गर्दीत थांबून पुन्हा निघणे पेट्रोलच्या गाडीपेक्षा सोपे जाते. अडचण सलग चढाची. हळू वेगात मोठा प्रवाह वाहिला की तारांच्या वेटोळ्यांत प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत उष्णता होते. चाकातच बसवलेली मोटर गिअर किंवा बेल्टशिवाय चालते, म्हणून तिला हे लवकर बाधते. मग कंट्रोलर ताकद कमी करतो आणि गाडी दमल्यासारखी चालते. दहा मिनिटे सावलीत थांबले की ती पूर्ववत होते.

वारा आणि ऋतू यांचाही वाटा आहे. सज्जनगडापलीकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत : तिथे ताशी 20 किमी.चा वारा समोरून असेल तर चाळीसच्या वेगाला साठचा रोध सोसावा लागतो. फलटण-माणकडच्या उन्हाळ्यात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. तिची नियंत्रण यंत्रणा चार्जिंग मंदावते, आणि सततच्या उष्णतेने पेशींचे आयुष्य घटते. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या पहाटेच्या थंडीत पल्ला किंचित कमी होतो, गाडी तापली की भरून निघतो.

चार्जिंग बहुतांशी घरीच होते. 3.24 युनिटची बॅटरी रिकामी झाली असेल तर चार्जरमधली घट धरून मीटरवर पावणेचार युनिटच्या आसपास वीज पडते. 15 अँपिअरचा पॉइंट आणि चांगले अर्थिंग एवढे लागते. जुन्या वाड्यांतली वायरिंग आधी वायरमनकडून तपासून घेतलेली बरी.

वापराबरोबर क्षमता उतरते. वॉरंटीच्या कागदावर वर्षे आणि किलोमीटर यांच्याइतकीच, क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळेल ही अट पाहावी. 3.24 युनिटची बॅटरी 70 टक्क्यांवर आली की तिच्यात सव्वादोन युनिट उरतात. डबल सीट कासला जाऊन यायला पावणेदोन युनिट लागतात, म्हणजे ते तेव्हाही जमते. कासवरून पुढे बामणोलीला उतरून त्याच चार्जवर पुन्हा घाट चढून साताऱ्याला परतणे मात्र जमत नाही. तिथे मुक्कामाच्या ठिकाणी चार्जिंगची सोय आधी विचारून निघावे लागते.