‘बट’ची पाळंमुळं : एका छोट्या इंग्रजी शब्दाची पार्श्वभूमी

इंग्रजीतल्या ‘बट’चा मूळ अर्थ ‘पण’ नव्हता, ‘बाहेर’ होता. जुन्या इंग्रजीत तो ‘बूटन’ असा होता. ‘बी’ म्हणजे पाशी आणि ‘ऊटन’ म्हणजे बाहेरून, या दोहोंचा तो जोड. डच भाषेतला त्याचा सख्खा भाऊ ‘बाउतन’ आजही ‘बाहेर’ याच अर्थाने चालतो. स्कॉटलंडमधल्या जुन्या दोन खोल्यांच्या घराला ‘बट अँड बेन’ म्हणतात. त्यातली ‘बट’ ही बाहेरची, चुलीची खोली आणि ‘बेन’ ही आतली. ‘अबाउट’ या शब्दाच्या पोटातही हाच ‘बट’ आहे.

‘बाहेर’वरून ‘वगळून’ हा अर्थ सहज निघतो, कारण यादीबाहेर ठेवलेला माणूस वगळलेलाच असतो. विरोध दाखवायला त्या काळी इंग्रजीत ‘अक’ नावाचा वेगळा शब्द होता. पुढच्या काही शतकांत तो मागे पडला आणि त्याची जागा ‘बट’ने घेतली. १४व्या शतकाच्या उत्तरार्धातला इंग्रजी कवी चॉसर याच्या लेखनात विरोधासाठी ‘बट’ रुळलेला दिसतो. म्हणजे शाळेत आपण पहिल्यांदा शिकतो तो अर्थ या शब्दाला उशिरा चिकटलेला आहे, आणि पुढे परीक्षेत ज्यांच्यावर अडायला होतं ते ‘वगळून’सारखे अर्थ त्याच्याही आधीचे आहेत.

आपल्या ‘पण’चं कूळ अगदी निराळं. संस्कृत ‘पुनः’चं प्राकृतात ‘पुण’, ‘उण’ झालं, पालीत ‘पन’, आणि मराठी-गुजरातीत ‘पण’. मूळ अर्थ ‘पुन्हा’. एक गोष्ट सांगून झाल्यावर पुन्हा दुसरी सांगायची, मग ती आधीच्या गोष्टीत भर घालणारी असो की तिला छेद देणारी. ‘मी पण येतो’ यात ‘पण’चा अर्थ ‘सुद्धा’ होतो आणि ‘मी येतो, पण उशिरा’ यात ‘परंतु’, याचं कारण हेच. प्रमाण लेखनात पहिल्या ठिकाणी ‘मीही येतो’ लिहावं असं सांगतात ते लेखनाच्या शिस्तीसाठी ठीक आहे. बोलीतला ‘पण’ मात्र अशुद्ध नाही, तो आपल्या मूळ अर्थाला धरून आहे. (‘मोठेपण’मधला ‘पण’ आणि पैजेचा ‘पण’ हे वेगळेच शब्द, त्यांचा इथे संबंध नाही.)

विरोध सांगायला दर वेळी खास शब्द लागतोच असंही नाही. नाशिककरांना त्याचा पुरावा पांडवलेण्यात आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या २४व्या राज्यवर्षाचा कोरीव लेख गोवर्धनच्या अमात्याला, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याला, उद्देशून आहे. भिक्षूंना काखडी गावातलं शेत आधी दान दिलं होतं, पुढे लेख म्हणतो, ‘ते शेत कसलं जात नाही, ते गावही वसलेलं नाही, असं असता’ नगराच्या सीमेवरच्या राजाच्या मालकीच्या शेतातली १०० निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) जमीन देतो. दान दिलं आणि ते निरुपयोगी ठरलं, एवढा मोठा विरोध तिथे आहे, आणि प्राकृतात तो साध्या ‘च’ने, म्हणजे ‘आणि’ने, पेलला आहे. आजही आपण ‘बोलावलं आणि आलाच नाही’ म्हणतो. अशा ‘आणि’चं इंग्रजी करताना ‘अँड’पाशी थांबू नये, अर्थ विरोधाचा असेल तर ‘बट’ घ्यावा.

या दोन कुळांची गाठ शाळेत बांधली गेली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं आणि त्याची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. शब्दांच्या आठ जातींच्या चौकटीत ‘पण, परंतु, परी, किंतु, बाकी’ हे न्यूनत्वबोधक, म्हणजे आधीच्या वाक्यातली उणीव दाखवणाऱ्या, उभयान्वयी अव्ययांच्या रांगेत बसले, आणि त्यांच्यासमोर इंग्रजीचा ‘बट’ उभा राहिला. उभयान्वयी ‘बट’पुरती ही जोडी बरोबर आहे. अडचण एवढीच की ‘बट’ हा शब्दयोगी आणि क्रियाविशेषणही आहे आणि तिथे ‘पण’ कधीच पोचत नाही.

तिथे पोचतो तो ‘खेरीज’. हा शब्द अरबी ‘खारिज’वरून आला आणि त्याचाही मूळ अर्थ ‘बाहेरचा’! ‘बट’ जी वाट चालला तीच ‘खेरीज’ने धरली. म्हणून वाक्यात ‘पण’ बसेना की आधी ‘खेरीज’ किंवा ‘वगळून’ घालून पाहावं. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना नियमांच्या लांब यादीपेक्षा ही एक किल्ली जास्त उपयोगी पडेल.

‘ऑल बट टू बसेस हॅव लेफ्ट’ : दोन वगळून सगळ्या बस गेल्या. ‘द लास्ट स्टॉप बट वन’ : शेवटचा एक वगळला की उरतो तो, म्हणजे शेवटून दुसरा थांबा. ‘इट नेव्हर रेन्स बट इट पोर्स’ या म्हणीचं ‘पाऊस पडत नाही पण कोसळतो’ असं भाषांतर केलं की काहीच हाती लागत नाही; ‘कोसळल्याखेरीज पाऊस पडतच नाही’ असं वाचलं की संकटं एकटी येत नाहीत हा भाव लगेच उमगतो. ‘आय कॅनॉट बट अ‍ॅग्री’ म्हणजे मान्य केल्याखेरीज गत्यंतर नाही. इथे ‘बट’नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं, ‘कॅनॉट हेल्प’ वापरलं तर मात्र ‘अ‍ॅग्रीइंग’. या दोहोंची सरमिसळ करून गुण घालवणारे बरेच असतात.

‘नथिंग बट’ आणि ‘एनिथिंग बट’ या जोडीत सर्वांत जास्त घसरायला होतं. ‘नथिंग बट द ट्रूथ’ म्हणजे सत्याखेरीज काही नाही, निव्वळ सत्य. ‘एनिथिंग बट ईझी’ म्हणजे सोपं वगळून काहीही म्हणा, म्हणजे मुळीच सोपं नाही. दिसायला जुळी, अर्थाने उलटी. ‘द वर्क इज ऑल बट डन’ याचाही उलगडा असाच : ‘झालं’ म्हणणं तेवढं बाकी आहे, म्हणून ‘जवळजवळ झालं’.

‘बट फॉर’ म्हणजे ‘नसतं तर’. ‘गंगापूर धरण नसतं तर बागा वाळल्या असत्या’ याचं इंग्रजी ‘बट फॉर द डॅम’ने सुरू करता येतं; पुढे ‘वुड हॅव ड्राइड’ असंच रूप हवं, नुसतं ‘ड्राइड’ चालत नाही, कारण गोष्ट घडलेली नाही.

‘ही इज बट अ चाइल्ड’ याचा इतिहास सुंदर आहे. आधी तिथे नकार होता : मुलाखेरीज तो दुसरं काही नाही. बोलता बोलता नकार गळून गेला, अर्थ तसाच उरला आणि ‘बट’ एकटाच ‘फक्त’चं काम करू लागला. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या बोलीतल्या ‘नॉबट’ या शब्दात तो जुना नकार अजून ऐकू येतो. मराठीत इथे ‘लहान मूलच आहे तो’ हा ‘च’ सगळ्यांत चपखल.

उभयान्वयी ‘बट’मध्येही एक खाच आहे. जर्मनमध्ये साध्या विरोधाला ‘आबर’ आणि आधीचं खोडून दुरुस्ती करायला ‘झोन्डर्न’ असे दोन शब्द आहेत. इंग्रजी दोन्हींना ‘बट’च वापरते, मराठी मात्र जर्मनसारखी फरक करते. ‘नॉट ऑन मंडे बट ऑन ट्यूसडे’ याचं ‘सोमवारी नाही पण मंगळवारी’ होत नाही. ‘सोमवारी नव्हे, तर मंगळवारी’ होतं. ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’लाही ‘केवळ… नव्हे, तर… ही’ हीच घडण लागते. भाषांतरित बातम्यांत इथे ‘पण’ दिसला की वाक्य परकं वाटतं.

उलट दिशेची चूक ‘जरी–तरी’मुळे होते. मराठीला जोडी लागते, म्हणून ‘ऑल्दो’ लिहून पुढच्या उपवाक्यात पुन्हा ‘बट’ घातला जातो. इंग्रजीत एकच पुरतो. ‘दो’नंतर ‘यट’ मात्र चालतो. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्येही ती जोडी आहे. त्याच बायबलात ‘बट’ने सुरू होणारी वाक्यंही जागोजाग आहेत, तेव्हा ‘बट’ने वाक्य सुरू करू नये हा वर्गात सांगितला जाणारा नियम निराधार आहे.

स्वल्पविरामाचा नियम खरा आहे. दोन्ही बाजूंना आपापला कर्ता असलेली पूर्ण वाक्यं असतील तर ‘बट’च्या आधी स्वल्पविराम द्यावा, दुसऱ्या भागाला स्वतःचा कर्ता नसेल तर सहसा देत नाहीत. ‘बट’च्या नंतर तो टाकायची सवय ‘हाउएव्हर’वरून लागते. अशी दोन वाक्यं ‘हाउएव्हर’ने जोडताना आधी अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम लागतो.